कानकोंड्या कुणाचा

९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत चिमटीने एक खोका आणून माझ्या टेबलावर ठेवला. चिमटी म्हणजे आमच्या दातांच्या लॅबमधली क्राउन, म्हणजे दातावरच्या टोप्या, करणारी पोरगी. हातातला चिमटा सुटत नाही म्हणून हे नाव पडलं. 'खोलवाट' खेळाची नवी आवृत्ती आली आहे, ती तिने पहिल्याच दिवशी उचलली. मला म्हणाली, ताई, खोक्याची मागची बाजू बघा.

मागे माझा कानकोंड्या होता.

तोच. मागच्या पायांवर बसलेला, कान डोळ्यांवर ओढलेले, जगाकडे पाठ. फक्त निळा रंगवलाय. खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'.

पुढे कधी वाचताना संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवते. खोलवाट हा पटावरचा खेळ. डोंगराच्या पोटातून वाट काढायची, वाटेत प्राणी भेटतात. खेळाचे वेडे लोक स्वतःचे प्राणी बनवून इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या कट्ट्यावर टाकतात, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. दोन वर्षांपूर्वी मी कवळीच्या मेणात एक प्राणी कोरला, लॅबच्या स्कॅनरवर ठेवला आणि कट्ट्यावर टाकला. लोकांना इतका आवडेल असं वाटलं नव्हतं.

एकोणीस वर्षं कवळ्या करते आहे. माझे दात घालून माणसं हसतात, चावतात, भांडतात, आणि नाव दंतवैद्याचं. त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही, कामच तसं आहे. पण कानकोंड्या माझा होता. मान भयंकर दुखते आहे.

१० जानेवारी

सासूबाईंना फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, पुढचा डावा पाय बदललाय यांनी, असा पाय टाकला तर जनावर तोंडावर पडेल.

माझ्याकडे चोरी झाली आहे आणि यांना पायाचं पडलंय. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या केल्या, त्यामुळे जगात यांना पायच दिसतात.

१३ जानेवारी

कंपनीला पत्र पाठवलं. चार वेळा लिहिलं. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात रडगाणं, तिसऱ्यात दोन्ही. चौथं सरळ लिहिलं: हा प्राणी माझी रचना आहे, खोक्यावर माझं नाव हवं.

२ फेब्रुवारी

वीस दिवसांनी उत्तर आलं. खेळावरच्या माझ्या प्रेमाबद्दल ते ऋणी आहेत. खेळाच्या जगात चाहत्यांनी केलेली प्रत्येक रचना ही त्या जगाचाच भाग असल्याने कंपनीची मानली जाते. सोबत पुढच्या खरेदीसाठी शुभेच्छा. चोराच्या उलट्या बोंबा तरी बऱ्या, हे लोक हसून आभार मानतात.

आज दोन जबडे चुकीचे बसवले. मालकांनी परत दिले.

६ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या वडिलांची कवळी माझ्या हातची, त्या ओळखीवर. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, फायलींच्या ढिगामागे त्या, आणि पाहुण्यासाठी एकच खुर्ची, तिच्यावरही फायली. खेळ म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, पण ऐकलं सगळं.

त्यांनी समजावलं ते असं. डोंगर कंपनीचा, वाटा कंपनीच्या, खेळाचं नाव कंपनीचं. पण त्या डोंगरात राहायला आलेला प्राणी मी आणलाय. तो खरोखर माझ्या डोक्यातून आला असेल तर त्याचा कॉपीराइट माझा. मी त्यांच्या खेळाच्या नावावर तो विकू शकत नाही, आणि मला विचारल्याशिवाय त्यांनाही तो विकता येत नाही. कट्ट्याचे नियमही त्यांनी वाचले. त्यात प्राणी दाखवायची परवानगी घेतली आहे, मालकी नाही.

म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत, मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुरावा काय? तो तुम्ही कधी, कसा केला, कुठे लिहून ठेवलंय का?

आयुष्यात पहिल्यांदा या वहीचा मला अभिमान वाटला. पंधरा वर्षांच्या दैनंदिन्या कपाटात आहेत, म्हटलं. कोणा शहाण्याने एवढं लिहून ठेवलं असतं? त्या म्हणाल्या, मग मी कंपनीला नोटीस पाठवते, तुम्ही पानं आणून द्या.

८ फेब्रुवारी

लॅबच्या मालकांना कुठून तरी कळलं. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, मेण माझं, स्कॅनर माझा, वीज माझी, मग प्राणी कुणाचा? मी म्हटलं, साहेब, मेण कवळीतून उरलेलं, जेवणाची सुट्टी माझी. आणि तुमच्या पेनाने कुणी अर्ज लिहिला तर नोकरी तुम्हाला लागत नाही. ते हसले. पण मग म्हणाले, गंमत केली गं, तरी एवढा काय जीव टाकायचा त्या खेळण्यावर.

आयत्या बिळावर नागोबा बसायला सगळे तयार. केलं कुणी ते कुणी विचारत नाही.

१५ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वीची वही काढली. कानकोंड्याच्या महिन्याच्या सगळ्या पानांच्या प्रती काढून वकीलबाईंना देऊन आले. माझे कष्ट किती होते ते वाचताना मलाच नव्याने कळलं. काही ओळी इथे उतरवून ठेवते.

'मागचे पाय आज तिसऱ्यांदा केले. सासूबाई म्हणाल्या, घाबरलेलं जनावर वजन मागे घेतं, तुझं पुढे झुकलंय, ते घाबरलेलं नाही, भुकेलेलं आहे. पुन्हा मोडलं. मनगट गेलं कामातून.'

'कान जमत नव्हते. सासूबाईंनी दोन्ही हात डोक्यावरून डोळ्यांवर ओढून दाखवले आणि तशाच बसून राहिल्या. त्यावरून केले. अडीच तास लागले.'

'सासूबाई वैतागून म्हणाल्या, असं काय कानकोंडं होऊन बसलंय मेलं. नाव ठेवून टाकलं.'

'हा वाटेत भेटला तर काय करायचं, याचा नियम सुचत नव्हता. सासूबाईंनी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. बिथरलेल्या जनावराकडे बघायचं नसतं, आपणही पाठ करून बसायचं, मग ते आपणहून जवळ येतं. तोच नियम लिहिला. खेळाडूने आपली पानं उलटी ठेवून एक डाव गप्प बसायचं, मग कानकोंड्या वाट सोडतो.'

पुराव्याला एवढं पुष्कळ झालं. तीनदा मोडून केलेले पाय, अडीच तासांचे कान. याहून कष्ट ते काय असतात?

२२ फेब्रुवारी

कंपनीचं दुसरं पत्र! वकीलबाईंच्या नोटिशीने काम केलं. पुढच्या छपाईपासून खोक्यावर माझं नाव छापायला तयार आहेत. 'रचना:' आणि पुढे मी. अट अशी की ही रचना सर्वस्वी माझ्या एकटीची आहे असं मी लिहून द्यायचं आणि नंतर सगळे हक्क त्यांच्या स्वाधीन करायचे.

हक्क गेले तर गेले, मला ते घेऊन काय करायचंय? नाव राहील. दुकानाच्या फळीवर उलटा ठेवलेला खोका कुणीतरी उचलेल आणि माझं नाव वाचेल. चिमटीने लॅबभर सांगितलं. मालकांनी चहा मागवला.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, छान झालं, बाई. तुझ्या हाताला यश आलं. आणि उठून वाळलेले कपडे काढायला गेल्या.

२४ फेब्रुवारी

वकीलबाईंनी बोलावून घेतलं. त्यांनी माझी पानं वाचली होती, आणि पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मला वाटलं, माझ्या कष्टांवर केल्या असतील. खुणा सगळ्या 'सासूबाई' या शब्दावर होत्या. बावीस जागी.

त्या म्हणाल्या, "पाय त्यांनी सांगितले, कान त्यांनी दाखवले, नाव त्यांचं, नियमही त्यांचा. तुम्ही एकटीचं आहे असं लिहून दिलंत तर ते खोटं ठरेल, आणि ते खोटं पाडणारा कागद तुम्हीच मला आणून दिलाय."

मी म्हटलं, अहो, घरात माणूस बोलतंच की. त्या बोलल्या, केलं मी. वकीलबाई म्हणाल्या, असंच कंपनीही म्हणते, जग आमचं, त्यात चाहत्याने जरासा प्राणी केला.

बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

२६ फेब्रुवारी

सासूबाईंनी एकदा तरी मेण हातात घेतलं का? सुरी तापवली? बोट भाजलं? सोफ्यावर बसून 'हे असं नाही, ते तसं नाही' म्हणायला काय लागतं? मी तर उलट वैतागायचे. किती पानांवर लिहिलंय, 'यांची लुडबुड'.

पुन्हा वाचून बघितलं. लुडबुड झाली की पुढच्या ओळीत मी मोडून नव्याने केलेलं आहे. प्रत्येक वेळी.

आज डोळे इतके दुखले की एक खालचा जबडा उद्यावर ठेवला.

१ मार्च

वकीलबाईंनी मार्ग काढला. सासूबाईंनी हक्कसोडपत्र लिहून द्यायचं: माझा यात जो काही वाटा असेल तो मी राजीखुशीने सोडते. एक पान, एक सही. म्हणाल्या, घरचंच माणूस आहे, हरकत नसेल. पण त्यांना वाचून दाखवा, नाहीतर अर्थ नाही.

खोक्याची पुढची छपाई पंधरा दिवसांत आहे. त्याआधी कागद हवा.

४ मार्च

कागद चार दिवस पर्समध्ये आहे. नवऱ्याचा फोन आला. तो पुलाच्या कामावर, घरी महिन्यातून दोनदा. त्याला सांगितलं. म्हणाला, त्यात विचारायचं काय, आई करेल सही, मामांच्या वेळीही केली होती. मी म्हटलं, कसली? म्हणाला, आजोबा गेल्यावर मामांनी घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर घेतली होती ना. तिला वाचूनसुद्धा दाखवला नव्हता. ती काही मनात ठेवत नाही, फार मोठ्या मनाची आहे.

फोन ठेवल्यावर मला फारच थकवा आला.

५ मार्च

सासूबाईंचे पेन्शनचे कागद आले आहेत, तीन ठिकाणी सह्या आहेत. त्यांत चौथा सरकवला तर त्या बघणारही नाहीत. माझ्यावर विश्वास आहे.

हे मनात आलं ते लिहिलं. खोडत नाही.

८ मार्च

आज जेवणं झाल्यावर कागद त्यांच्यासमोर ठेवला. नीट वाचून दाखवायचं ठरवून बसले होते, पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आई, आधी ऐका तरी. मग सगळं सांगितलं. वकीलबाई काय म्हणाल्या, वहीत काय आहे, खोक्यावर एकच नाव का येणार. सांगताना भरभर बोलत होते, गिऱ्हाइकाला कवळी सैल का झाली ते सांगताना बोलते तसं. त्यांनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं:

"आणि माझं नाव यात कुठे आहे?"

मी सहीच्या रेघेखाली बोट ठेवलं. तिथे टाइप केलेलं होतं.

"म्हणजे सोडायच्या वेळीच येतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, हसूनच म्हणाल्या. आणि सही केली. सगळं नाव लिहिलं, वळणदार, शाळेतल्यासारखं. मग चहा टाकू का म्हणून विचारलं.

हवं होतं ते मिळालं. मला आनंद झालेला नाही.

११ मार्च

कागद पाठवला नाही. पोस्ट लॅबच्या वाटेवरच आहे, तीन दिवसांत सहा वेळा त्याच्यावरून गेले. कामाचा ढीग आहे, सुट्टी मिळत नाही, हे कारण चिमटीला सांगितलं. ती म्हणाली, द्या, मी टाकते. दिला नाही.

१३ मार्च

उद्या शेवटचा दिवस. वकीलबाईंकडे गेले आणि नवं पत्र लिहून घेतलं. रचना दोघींची. सासूबाईंचं नाव आधी, माझं नंतर. वापरायची परवानगी देऊ, मालकी दोघींचीच राहील, खोक्यावर दोन्ही नावं. वकीलबाई म्हणाल्या, ते ऐकणार नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे. मग कशाला, त्यांनी विचारलं. आपलेच दात आपलेच ओठ, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

हक्कसोडपत्र त्यांच्यासमोरच फाडलं. फाडताना पस्तावा झाला, हेही खरं. एक सही होती, एक पोस्टाची पेटी होती, आणि माझं नाव होतं.

दुसऱ्या पत्रावर सासूबाईंची सही घ्यायला घरी आणलं. त्यांना वाटलं पहिल्यात काही चुकलं असेल. मी म्हटलं, या वेळी वाचा. त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं. या वेळी सही करायला वेळ लावला. म्हणाल्या, तुझं नुकसान होईल गं. मी म्हटलं, करा सही, मला लॅबला उशीर होतोय.

२९ मार्च

उत्तर नाही. कवळ्या चालू आहेत. मान तशीच.

१२ एप्रिल

काल कंपनीचं पत्र आलं, मी आज उघडलं. एका पानाचं. त्यांच्या धोरणानुसार बाहेरच्या व्यक्तींची मालकी असलेली रचना खेळात ठेवता येत नाही. सदर प्राण्याची मूळ रचना आणि तिचे सर्व हक्क, इथे सासूबाईंचं नाव, मग माझं, या दोघींच्या मालकीचे असल्याचं कंपनीला मान्य आहे. सबब पुढील छपाईतून तो प्राणी वगळण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

संपलं. खोक्यावर त्याच्या जागी कुठलंतरी वटवाघूळ येईल. माझं नाव यायचं राहिलं ते कायमचं. मला माहीत होतंच. हातातलं पत्र टेबलावर टाकलं आणि डोकं धरून बसले.

सासूबाईंनी चष्मा शोधला आणि पत्र घेतलं. बोट ठेवत ठेवत वाचत होत्या. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं, ते हलेना.

"हे आपलं दोघींचं नाव आहे?"

"हो."

"आणि मालकीचं, म्हणजे आपल्या?"

मी म्हटलं, आई, नकार आहे तो. काढून टाकणार त्याला. तुमचं नाव नाही, माझं नाही, खोक्यावर काहीच येणार नाही.

"ते कळलं गं मला," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव घालून पुढे 'हे हिचं आहे' असं लिहिलेला कागद मी पहिल्यांदा बघतेय. एकाहत्तर वर्षांची झाले."

त्यांनी पत्राची जुन्या घडीवरच घडी घातली, पाकिटात सरकवलं, आणि पाकीट हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, "हा कागद मी माझ्याकडे ठेवला तर चालेल का?"

ठेवा म्हटलं. त्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ बंद केल्याचा आला नाही. मी टेबलाशी बसून रडले, नावासाठी की कशासाठी ते आज सांगता येणार नाही. त्यांचा कागद, आणि तो ठेवायला त्यांनी माझी परवानगी मागितली.